कॅरॅव्हॅनच्या मुक्कामात नेट टिकवायचं तर

पुण्याहून कॅरॅव्हॅन घेऊन पहिल्यांदा मुक्कामाला निघणारे लोक बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: कुठला राउटर घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर चौथा लागतो. गाडी कुठे लावणार, तिथे कुठल्या कंपनीची रेंज पोचते आणि दिवसभराची वीज कुठून येणार, हे तीन प्रश्न त्याच्या आधीचे. त्यांची उत्तरं नीट जमली तर साध्या फोनच्या हॉटस्पॉटवरही सोमवारची मीटिंग पार पडते. ती चुकली तर महागातलं सामानही पवनेच्या काठावर नुसतं पडून राहतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. इंजिनासकटची कॅम्पर व्हॅन असो, गाडीमागे जोडायचा ट्रेलर असो की नुसता तंबू, बहुतेक गोष्टी सारख्याच लागू होतात. ट्रेलरवाल्यांसाठी जे वेगळं आहे ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आपल्याकडे चाकांवरच्या घराला नेट मिळण्याचा व्यवहारातला मार्ग एकच आहे, तो म्हणजे मोबाईलचं नेटवर्क. जिओ आणि एअरटेलची एअरफायबर सेवा बिनतारी असली तरी ती नोंदवलेल्या पत्त्यावर वापरण्यासाठी दिलेली असते. तो डबा उचलून पानशेतला नेण्यावर भिस्त ठेवू नका. उपग्रहाच्या नेटचं म्हणाल, तर स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. तरीही परदेशातून कुणी आणून दिलेली डिश छतावर लावू नका. अधिकृत जोडणी आणि ती फिरतीवर वापरायची मुभा, दोन्ही हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

पायरी १: किती लागतं ते मोजा

मेल, चॅट आणि कागदपत्रांच्या कामाला दिवसाला अर्धा जीबीही पुरतो. डेटा खातो तो व्हिडिओ. कॅमेरा चालू ठेवून केलेली ग्रुप मीटिंग तासाला साधारण एक ते दीड जीबी घेते. फक्त आवाजावर आलात तर तोच तास शंभर एमबीच्या आत निभतो. आपला कॅमेरा बंद केला तरी समोरच्या आठ जणांचे चेहरे येतच राहतात, म्हणून येणारे व्हिडिओ थांबवायची सोयही ॲपमध्ये शोधून ठेवा. क्रिकेटचा सामना फुल एचडीत पाहिला तर तासाला दीड ते तीन जीबी गेलेच समजा.

यापेक्षा जास्त त्रास देतात ती गुपचूप चालणारी कामं. फोन राउटरला जोडला की त्याला वाटतं आपण घरच्या वायफायवर आहोत, आणि दिवसभरात काढलेले धरणाचे सगळे फोटो-व्हिडिओ तो वर चढवायला लागतो. लॅपटॉप त्याच वेळी विंडोजचं अपडेट उतरवत बसतो. निघण्याआधी घरीच फोटोंचा बॅकअप तात्पुरता थांबवा, विंडोजमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा, मॅकवर आणि आयफोनवर ‘लो डेटा मोड’ चालू करा. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर हे करायचं, मुलांच्या टॅबवरसुद्धा.

पायरी २: जागा निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

पुण्याच्या पश्चिमेला राहायच्या ज्या सुंदर जागा आहेत त्या जवळजवळ सगळ्या धरणांच्या पाण्याकाठी आहेत, आणि पाण्याचा काठ म्हणजे परातीचा तळ. चारही बाजूंनी डोंगराची कड वर येते आणि टॉवर त्या कडेपलीकडे राहतो. मोबाईलच्या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्याच्यामागे सावली पडते. पवनेचंच पाहा. द्रुतगती मार्ग, लोणावळा, मळवली, कामशेत हा सगळा गजबजलेला पट्टा इंद्रायणीच्या खोऱ्यात आहे, आणि पवनेचं पाणी लोहगड-विसापूरच्या रांगेच्या दुसऱ्या बाजूला. नकाशावर हे अंतर काहीच नाही, पण मध्ये आख्खा किल्ला उभा आहे. त्यामुळे महामार्गावरचे टॉवर तुमच्या उपयोगाचे नाहीत. पवनानगरच्या बाजूला बाजार आणि वस्ती आहे. तिथून पश्चिमेला तुंगच्या दिशेने सरकाल तसे डोंगर जवळ येतात आणि भरवसा कमी होत जातो.

पानशेत आणि वरसगावची गोष्ट तशीच. आंबी आणि मोसे या दोन नद्यांवरची ही धरणं भिंतीपाशी एकमेकांना लागून आहेत, पण त्यांचं पाणी अरुंद खोऱ्यांतून सह्याद्रीच्या मुख्य रांगेकडे लांबवर शिरतं. भिंतीजवळच्या गावात रेंज आहे म्हणून फुगवट्याच्या टोकाला ती असेलच असं मानू नका. भंडारदऱ्याला शेंडी गावात बाजारपेठ आहे. रतनवाडी किंवा साम्रदकडे मुक्काम असेल तर शेंडीत फोनवर दिसलेल्या रेंजच्या काड्या पाहून निर्धास्त होऊ नका. ताम्हिणी घाटातून कोकणात उतरणार असाल तर बराच पट्टा रेंजशिवाय जाणार हे धरूनच चला, त्या दोन तासांत कुठलाही कॉल ठेवू नका.

याची दुसरी बाजूही आहे. उघड्या पाण्यावरून लहरी छान लांब जातात. समोरच्या काठावरच्या गावातला टॉवर डोळ्यांना सरळ दिसत असेल, तर तीन-चार किलोमीटरवरूनही तो चांगली साथ देतो. म्हणून काठावर जागा निवडताना झाडीत शिरण्यापेक्षा गाव समोर दिसेल असं टोक निवडा. पाण्यापासून पन्नास-शंभर फूट उंचीवर, उतारावरच्या सपाट पट्टीत जागा मिळाली तर त्याहून चांगलं.

घरबसल्या करायची तपासणी अशी. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे टाकले आहेत, ते पाहा. ते थोडे उदार मनाने रंगवलेले असतात, म्हणून नकाशात जिथे रंगच नाही तिथे रेंज नाही एवढा अर्थ पक्का घ्या आणि जिथे फिका रंग आहे तिथे शंका ठेवा. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर परिसरातले टॉवर दिसतात. ओपनसिग्नल, एनपर्फ, सेलमॅपर यांसारखी ॲप्स लोकांच्या फोनवरून जमा झालेली मोजणी दाखवतात. मग सॅटेलाइट नकाशा उघडा, टॉवर असलेलं गाव आणि तुमची जागा यांच्यामध्ये डोंगराची सोंड येते का ते बघा. गूगल अर्थमध्ये दोन ठिकाणांमध्ये रेघ ओढून उंचसखलपणा पाहता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, आणि निम्म्या चुकीच्या जागा इथेच गळतात.

सगळ्यात खरी माहिती मात्र जागेच्या मालकाकडे असते. फोन करून “वायफाय आहे का?” असं विचारलं की “आहे ना” असंच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा: “दादा, तुम्ही स्वतः कुठलं सिम वापरता? घरात बसून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लागतो का, की बाहेर यावं लागतं?” यावर “जिओ चालतं, पण गोठ्याच्या बाजूला या, इकडं खाली नाय लागत” असं काही ऐकू आलं तर समजा, तुम्हाला गाडी लावायची नेमकी जागा मिळाली. त्याच फोनमध्ये विचारून घ्या: लाइट कधी जाते, गेली की किती वेळ जाते, आणि वायफाय असेल तर त्याला बॅकअप आहे का.

पायरी ३: दोन कंपन्यांची सिमं

एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या कंपन्या चालतात हा इथला रोजचा अनुभव आहे, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं हवीतच. नवरा-बायको दोघांकडे एकाच कंपनीचं फॅमिली पोस्टपेड असेल, तर त्यातलं एक सिम मुक्कामापुरतं निकामी समजा आणि दुसऱ्या कंपनीचं एक प्रीपेड घ्या. कुठली कंपनी हे जागा ठरवेल. आडबाजूच्या गावात बीएसएनएलच लागतं असं ऐकलं तर नाक मुरडू नका. बीएसएनएलचं स्वदेशी तंत्रज्ञानावरचं ४जी आता बऱ्याच ठिकाणी आलं आहे. मात्र गावात पोचल्यावर सिम घ्यायचं असं ठरवू नका. आधारची पडताळणी आणि सिम चालू होणं याला वेळ लागतो. एक आठवडा आधी घ्या आणि पुण्यात वापरून बघा.

थोडं लहरींबद्दल, कारण पुढे उपयोगी पडेल. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते, झाडी आणि भिंतींतून आत शिरते, पण वेग बेताचा देते. जिओचा ८५० मेगाहर्ट्झचा आणि एअरटेल-व्हीआयचा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा या जातीतला. २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण पोच कमी. ५जी जिथे ३३०० मेगाहर्ट्झच्या वर चालतं तिथे पोच आणखी तोकडी असते. जिओकडे ५जीसाठी ७०० मेगाहर्ट्झही आहे, ते लांब जातं. याचा व्यवहारातला अर्थ असा की खोऱ्यात फोन ५जी आणि ४जी यांच्यात सारखा हेलकावे खात असेल आणि कॉल अडकत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन फक्त ४जी ठेवा. वेगाचा आकडा खाली येईल, पण बोलणं तुटणार नाही.

प्लॅनमध्ये एक फसगत हमखास होते. ‘अमर्यादित ५जी’ हे ५जी सिग्नल असेपर्यंतच अमर्यादित असतं. कोथरूडमध्ये दिवसाला दहा जीबी वापरण्याची सवय झालेला माणूस पौडच्या पुढे ४जीवर येतो आणि रोजची दीड-दोन जीबीची मर्यादा लागू होते. ती दुपारपर्यंत संपते आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे मेलसुद्धा कण्हत उघडतो. मुक्कामाआधी डेटाचं जादा पॅक मारून ठेवा, कारण एकदा वेग पडल्यावर रिचार्जचं पान आणि यूपीआय दोन्ही उघडणं जिवावर येतं.

बँकेला जोडलेला नंबर राउटरमध्ये कधीच घालू नका. ओटीपी राउटरमध्ये जाऊन बसतो. तो नंबर फोनमध्येच राहू दे, राउटरला दुसरं सिम द्या. राउटरमध्ये सिम चालू होत नसेल तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडणारं नाव, सेटिंगमध्ये तपासा: जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’, अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत.

पायरी ४: विजेचा हिशेब

नेट गेलं अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा वीज गेलेली असते, तुमची नाहीतर टॉवरची. टॉवरला बॅटरीचा आधार असतो, काही ठिकाणी जनरेटरही असतो, पण आडगावातली वीज बराच वेळ गेली की तो आधार संपतो आणि संपूर्ण खोरं गप्प होतं. त्यावर तुमच्या हातात काही नाही, दुसरी कंपनी सोडून. आपल्या बाजूचा हिशेब मात्र नीट करता येतो.

१२ व्होल्टचा साधा राउटर दहा वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तर २४० वॅट-तास. लॅपटॉप सरासरी ५० वॅट धरला तर आठ तासांचे ४०० झाले. दोन फोन तीसभर. बेरीज ६७० वॅट-तास. दिवे आणि पंखा यात नाहीत. १०० अँपिअर-तासाची १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-तासांची असते, त्यातले हजार-अकराशे निर्धास्त वापरता येतात. म्हणजे एक कामाचा दिवस आरामात निघतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार्जिंगची सोय लागते. हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात २०० वॅटचं सोलर पॅनेल दिवसाला सहाशे-सातशे वॅट-तास देऊन जातं, म्हणजे नेमकं तेवढंच. जुलैत त्याच पॅनेलकडून चौथाई मिळाली तरी पुष्कळ.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ट्रेलरमध्ये टाकायचा मोह होतो, कारण ती घरात असते. टाकू नका. घाटाच्या वळणावर ॲसिड हिंदकळतं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि तुम्ही त्याच बंद डब्यात झोपणार आहात. शिवाय निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचं आयुष्यही घटतं.

लॅपटॉप इन्व्हर्टरवरून चालवला तर १२ व्होल्टचे २३० करायचे आणि अडॅप्टरने त्याचे पुन्हा २० करायचे, यात दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते. टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर ६५ वॅटचा चांगला कार चार्जर घ्या आणि इन्व्हर्टर बंद ठेवा. राउटर थेट बॅटरीला जोडताना मध्ये फ्यूज आणि १२ व्होल्टचा रेग्युलेटर हवा, कारण चार्जिंग चालू असताना बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते. एवढं करायचं नसेल तर पुण्यात घरोघरी वापरतात तो राउटरचा मिनी यूपीएस घ्या. तीन-चार तास सहज काढतो.

मालकाच्या बोर्डातून वीज घेणार असाल तर ती शेतीच्या फीडरवरची, म्हणजे शेतपंपांच्या वेगळ्या लाइनवरची आहे का ते विचारा. शेतीची वीज पाळीने येते, आठवड्यागणिक वेळ बदलते. महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामं आपल्या भागात बहुधा गुरुवारी निघतात, तेव्हा गुरुवारी महत्त्वाची मीटिंग बॅटरीवरच होईल असं धरा. आणि अर्थिंग नसलेल्या बोर्डाला पत्र्याचा ट्रेलर जोडणं धोक्याचं आहे. प्लगमध्ये लावायचा टेस्टर आणि गळती पकडणारा आरसीसीबी, दोन्ही सोबत ठेवा. इथे काटकसर नको.

पायरी ५: आता उपकरणं

पहिल्या दोन-तीन मुक्कामांना काहीही विकत घेऊ नका. एक जुना फोन काढा, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घाला आणि तो हॉटस्पॉट म्हणून फक्त याच कामाला ठेवा. ट्रेलरचा पत्रा सिग्नल अडवतो. त्यामुळे आत टेबलावर दोन काड्या असतील तर बाहेर छतापाशी चार असतात. हा फोन टॉवरच्या बाजूच्या वरच्या खिडकीत चिकटवा किंवा लांब वायरीने चार्ज करत बाहेर सावलीत उंच टांगा. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, आतपर्यंत पोचतो. उन्हात ठेवला तर फोन तापून स्वतःच बंद होतो, आणि एप्रिल-मेमध्ये बंद ट्रेलरच्या आतही तेच होतं. एवढ्यानेच बहुतेक लोकांचं भागतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे सिम घालायचा ४जी किंवा ५जी राउटर, ज्याला बाहेरचा अँटेना जोडायच्या जागा आहेत. खिशातला छोटा हॉटस्पॉट सोयीचा असला तरी जुन्या फोनपेक्षा तो फारसं जास्त देत नाही, म्हणून मी तो टप्पा सोडून द्या असं सांगेन. राउटर घेताना भारतातले लहरींचे पट्टे (त्यांना बँड म्हणतात आणि नंबर असतात) तो घेतो का ते पाहा: बँड ३, ५, ८, ४० हवेतच, बीएसएनएल वापरणार असाल तर १ आणि २८ सुद्धा. बाहेरून मागवलेल्या स्वस्त राउटरमध्ये नेमका ४० किंवा ५ नसतो.

अँटेनाचे दोन प्रकार. सगळीकडून ऐकणारा गोल अँटेना छतावर कायमचा बसवता येतो, रोज जागा बदलणाऱ्यांना तो बरा. एका दिशेने ऐकणारा पॅनेल किंवा यागी अँटेना टॉवरकडे रोखावा लागतो, पण खोऱ्यात एकच दूरचा टॉवर असेल तर खरा फरक तोच पाडतो. ४जीच्या राउटरला दोन वायरी लागतात, एकच जोडून अर्धा फायदा सोडू नका. वायर जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवा. दहा मीटर पातळ वायर लावली तर अँटेनाने कमावलेलं सगळं वायरीतच जिरतं. राउटरच बाहेर झाकणाच्या डब्यात, अँटेनाजवळ ठेवणं जास्त शहाणपणाचं.

ऑनलाइन दुकानांत ‘मोबाईल सिग्नल बूस्टर’ मिळतात. ते घेऊ नका. परवानाधारक कंपन्यांशिवाय कुणीही असा बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदेशीर आहे. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं होतं. कायद्यापलीकडचं कारणही तितकंच मोठं आहे. असा बूस्टर टॉवरकडे गोंगाट पाठवतो आणि सगळ्या गावाचे फोन बिघडवतो. आपण दोन दिवसांचे पाहुणे, तिथल्या माणसांना दवाखान्याला फोन लागला पाहिजे. राउटरला जोडलेला साधा अँटेना सिग्नल वाढवून परत फेकत नाही, म्हणून तो या प्रकारात येत नाही.

पायरी ६: पोचल्यावर, ट्रेलर सोडण्याआधी

ट्रेलर गाडीपासून सोडला, पाय खाली घेतले, पातळी लावली की पुन्हा हलवायला कुणी तयार होत नाही. म्हणून आधी पंधरा मिनिटं रेंजला द्या.

काड्यांवर जाऊ नका, आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये सिमची स्थिती उघडली की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचं पान उघडतं. हा आकडा उणे असतो. उणे ९० किंवा त्याहून शून्याकडे असेल तर उत्तम. उणे १०० ला काम चालतं. उणे ११० ला मीटिंग तुटत तुटत होते, आणि उणे ११५ च्या खाली मेसेजवर समाधान माना. सोबत एसआयएनआर नावाचा, सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे ते सांगणारा आकडा दिसला तर तो जास्त बोलका आहे: १३ च्या वर चांगला, शून्याच्या खाली गेला तर काड्या भरलेल्या असूनही नेट चालणार नाही.

दोन्ही सिमांचा आकडा घेत जागेच्या चारही कोपऱ्यांत चाला, छतावरही हात उंच करून पाहा. वीस-तीस पावलांत दहा डीबीएमचा फरक सहज पडतो. मग ट्रेलरची मोठी खिडकी टॉवरच्या दिशेला येईल असा तो लावा. नंतर एकच स्पीड टेस्ट करा, दहा नको, कारण वेगवान नेटवर्कवर एकेक टेस्ट शंभर एमबी खाते. डाउनलोडपेक्षा अपलोड बघा. दोन-तीन एमबीपीएस अपलोड स्थिर असेल तर व्हिडिओ मीटिंग होते.

जागा सुंदर आहे पण रेंज नाही, असं झालं तर ट्रेलरवाल्यांकडे व्हॅनवाल्यांपेक्षा एक सोय जास्त आहे: ट्रेलर पाण्याकाठी सोडून ओढणारी गाडी मोकळी होते. येताना रस्त्यात जिथे आकडा चांगला दिसला ती खिंड, ते देवळाचं पटांगण नकाशावर खूण करून ठेवा. मीटिंगच्या तासाला गाडी तिथे न्यायची आणि मागच्या सीटवर लॅपटॉप उघडायचा. गाडीचा चार्जर आहेच.

गर्दी आणि वेळ

शनिवारी रात्री पवनेला सगळ्या काड्या भरलेल्या असतात आणि फोटो जात नाही. तंबूंमधले शेकडो लोक एकाच टॉवरवर रील्स चढवत असतात, त्यावर अँटेनाचा काही इलाज नाही. मोठ्या फाइली पहाटे पाच ते सातमध्ये पाठवा, तेव्हा तोच टॉवर मोकळा असतो. जमत असेल तर रविवारी दुपारनंतर पोचून बुधवारपर्यंत राहा, नेटही मिळतं आणि जागाही शांत. मुक्कामाच्या गावात एखाद्याच टॉवरवर शाळेतली मुलं आणि दूध संकलनाचं काम चालत असतं, हे लक्षात ठेवून सिनेमे घरूनच उतरवून आणा.

मालकाचं वायफाय मिळालं तर आनंदाने वापरा, पण त्याच्या पैशांचं आहे, तेव्हा विचारून आणि मोबदला देऊन. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून ठेवा. रेंज नसलेल्या खोलगट जागीही त्या वायफायवरून साधे फोन लागतात.

पाऊस आणि विजा

पावसाच्या थेंबांनी ४जी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वीज गेल्याने, दरडीखाली फायबर तुटल्याने आणि ओल्या दाट झाडीने. हिवाळ्यात तपासलेली जागा ऑगस्टमध्ये पुन्हा तपासा. पावसाळ्यात धरणांवर आणि धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, तेही निघण्याआधी पाहा.

एप्रिल-मेमधला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस विजांसकट येतात. ढग दाटून आले की अँटेनाचा खांब खाली घ्या आणि वायरी राउटरमधून काढा. मीटिंग चालू असली तरी घ्या. उघड्या माळावर धातूचा उंच खांब उभा ठेवणं जिवाशी खेळ आहे.

रेंज नसेलच तर

ऑफिसला आधी सांगून ठेवा की अमुक वेळेत मी फोनवर नसेन. आपल्याकडे लोक हे सांगायला संकोचतात आणि मग घाटात थांबून थांबून कॉल घेतात. घाटात थांबणं धोक्याचं आहे. सांगितलेलं बरं.

नकाशे, तिकिटं, गाडीची कागदपत्रं, मुलांची गाणी घरी असतानाच फोनमध्ये उतरवा. थोडी रोकड ठेवा, कारण रेंज नसली की यूपीआय नाही, आणि मावशींच्या पिठलं-भाकरीचे पैसे राहून जायला नकोत. घरी कुणाला तरी जागेचं नाव, मालकाचा नंबर आणि परतायची वेळ लिहून द्या. रेंज शोधत राहिलेला फोन बॅटरी झपाट्याने संपवतो, म्हणून तो फ्लाइट मोडवर टाका.

अडचणीच्या वेळी ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी तिथे दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नेटवर्क असेल तर हा नंबर त्यावरून लागू शकतो. कुठलंच नसेल तर उंचावर किंवा वस्तीकडे जावं लागेल, तेव्हा जवळची वस्ती कुठल्या दिशेला आहे ते उजेडातच बघून घ्या. परदेशी मित्राने दिलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं ट्रेकिंगचं उपकरण मात्र सोबत नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ही साधनं बाळगणं भारतात बेकायदेशीर आहे, आणि त्यापायी परदेशी पर्यटकांना अटक झालेली आहे. फार आत जाणार असाल तर दोन गाड्यांनी जा आणि एक गाडी नेहमी निघायला तयार, तोंड रस्त्याकडे करून लावा.